अवलंबित : एक

४ ऑगस्ट

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंबांची नोंद ठेवायला सांगितली आहे. सकाळी एक, संध्याकाळी एक, दोन्ही डोळ्यांत. वही त्यासाठीच आणली. पण जन्मभर वार्ताहरकी केलेल्या माणसाला कोऱ्या वहीत "सकाळ : घातला. संध्याकाळ : घातला" एवढंच लिहायला सांगणं म्हणजे गवयाला हजेरीपट वाचायला बसवणं. तेव्हा थेंबही लिहीन आणि थेंबांखेरीजचंही लिहीन.

आजाराचं नाव काचबिंदू. मोठा सभ्य आजार आहे. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने नजर कुरतडत येतो आणि मधलं तेवढं शेवटपर्यंत लख्ख ठेवतो, त्यामुळे रोग्याला आपल्याला सगळं दिसतंय असंच वाटत राहतं. "तुम्हाला काही जाणवलं नाही का?" असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी म्हटलं, हल्ली दारांच्या चौकटी जरा पुढे सरकायला लागल्यात, बाकी काही नाही. त्या हसल्या नाहीत. शस्त्रक्रियेसाठी ८ ऑक्टोबर ही तारीख दिली. गेलं ते परत येत नाही, उरलंय ते राखायचं, म्हणाल्या.

खर्च विम्यातून होईल. विमा बायकोचा. आमचं दैनिक बंद पडलं त्याच सुमाराला, अठरा वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेल्या माझ्या बायकोला विद्यापीठात संशोधक विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळाला. वय सत्तेचाळीस, विषय मुंग्या. सबंध शाळा तिला "बाई" म्हणायची, ते घरातही चिकटलं. मीही बाईच म्हणतो. तिच्या विद्यावेतनावर आम्ही दोघं विद्यापीठाच्या एका खोलीत राहतो.

विम्याच्या कार्डावर तिच्या नावाखाली छापलंय, "अवलंबित : एक". तो एक म्हणजे मी. लहानपणी आम्हाला संस्कृत घोकून घेतलं होतं, त्यात भरण करतो तो भर्ता आणि जिचं भरण करायचं ती भार्या. हे बाईला सांगितलं आणि म्हटलं, या न्यायाने आता तू भर्ता आणि मी भार्या.

"मग भार्ये," ती म्हणाली, "भांडी घासून घ्या."

सकाळ : घातला. संध्याकाळ : घातला.

९ ऑगस्ट

विद्यावेतन हा समास कोणता? विद्येचं वेतन म्हणून षष्ठी तत्पुरुष की विद्येसाठी वेतन म्हणून चतुर्थी? महिनाअखेर बघता नकाराचा, म्हणजे नञ् तत्पुरुष धरावा असं वाटतं.

अवलंबितांचा हप्ता वाढला आहे. विद्यार्थ्याचा स्वतःचा विमा वेतनासोबत येतो, पण नवरा, बायको, मूल यांचा वेगळा भरावा लागतो. बाई दोन दिवस गप्पगप्प होती. आज आली ती हसतच. "झालं काम. विद्यापीठाने सवलत दिली."

"अशी एकाएकी?"

"माझ्या वयाकडे बघून."

विद्यापीठाबद्दल मी आजवर जे काही बोललो असेन त्यातलं निम्मं मागे घेतो.

दुसरी बातमी अशी, की मुंग्यांची खरी वर्दळ पहाटे असते म्हणे. त्यामुळे उद्यापासून बाई उजाडायच्या आधीच निघणार. मी म्हटलं, गेलं वर्षभर तर त्या दुपारच्या फिरत होत्या. "ऋतू बदलला की वेळा बदलतात," ती म्हणाली. मुंग्यांपुढे कुणाचं काय चालतं.

२० ऑगस्ट

बाईच्या मनगटावर लाल पट्टा उमटलाय. सरळ, पट्टीने आखल्यासारखा.

"काय गं हे?"

"मुंग्या चावल्या."

"अशा रांगेत?"

"शिस्तीच्या असतात. तुमच्या वार्ताहरांसारख्या नाहीत."

मलम आणायला मीच गेलो. निघताना म्हणाली, भाजल्यावर लावतात ते आणा, यालाही तेच चालतं. अठरा वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला औषधं सांगणारा मी कोण? हल्ली तिच्या कपड्यांना साबणाचा फार छान वास येतो. रानात मुंग्यांमागे फिरून आलेल्या माणसाला खरं तर मातीचा यायला हवा. विचारलं, मुंग्या धुऊन घेतेस की काय? जेवता जेवता हसायला लागली आणि हसता हसताच डुलकी लागली. संशोधन माणसाला खातं ते असं.

२७ ऑगस्ट

आनंदाची बातमी. माझ्या हाताखाली शिकलेला एक पोरगा आता एका साप्ताहिकाचा संपादक आहे. त्याचा फोन आला. संशोधक विद्यार्थ्यांचं वेतन आणि विमा यावर सविस्तर लेख हवाय. "सर, तुम्ही तर तिथेच राहता." बऱ्याच दिवसांनी कुणीतरी सर म्हणालं. बाईला इतक्यात काही सांगायचं नाही, असं ठरवलंय. लेख उभा राहिला की रीतीप्रमाणे वाचून दाखवायचा. लग्न झाल्यापासून मी लिहिलेला एकही मजकूर बाईला वाचून दाखवल्याशिवाय छापायला गेलेला नाही. ती डोळे मिटून ऐकते आणि एखादं वाक्य काढायला लावते. काढायला लावते ते नेमकं माझं आवडतं असतं.

सुरुवात सामाईक स्वयंपाकघरापासून केली. शेजारच्या खोलीत रसायनशास्त्राचा एक विद्यार्थी आहे. इतका उंच, की सगळी बिऱ्हाडं त्याला जिराफ म्हणतात आणि तोही हाकेला ओ देतो. गाल सुजलेला होता.

"दात काढला, काका."

"वाचवता आला नसता?"

"आला असता. पण दात विम्यात बसत नाहीत. विम्याच्या मते दात हा शरीराचा भाग नाही."

"मग कशाचा?"

"सौंदर्याचा. माझ्याकडे बघून तुम्हीच सांगा, तिथे काही वाचवण्यासारखं होतं का?"

पोरगा गुणी आहे. बोलता बोलता त्याने एक गोष्ट सांगितली, तीही ऐकीव, त्याला नाव ठाऊक नाही. जीवशास्त्राकडे कुणी एक विद्यार्थिनी आहे. घरात कुणी तरी आजारी आहे. त्याचा हप्ता भरता यावा म्हणून ती पहाटे हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. विद्यावेतन घेणाऱ्याने बाहेर काम करायचं नाही असा कडक नियम आहे, म्हणून सगळे मिठाची गुळणी धरून बसलेत. तिथून ती आठच्या चर्चासत्राला येते आणि मागच्या कपाटाला टेकून उभ्यानेच झोपते. खुर्चीत बसली तर उठणार नाही म्हणून.

उभ्याने झोपते! असा तपशील पाच वर्षांत एकदा हाती लागतो.

मी म्हटलं, "पण अवलंबितांना सवलत मिळते ना? तिने मागितली नसेल."

"कसली सवलत?"

"आमच्या बाईला मिळाली की. बिचारी मुंग्यांसाठी पहाटे उठून राबते, विद्यापीठाला तेवढी कदर आहे."

जिराफ ढवळायचा थांबला.  मग म्हणाला, "काका, ते इस्त्रीचं लिहू नका."

"अरे, नाव कुठे देतोय? माझ्या बातमीने आजवर एकाही माणसाचं नाव फुटलेलं नाही."

"तरी नका."

हल्लीची मुलं भित्री. दात काढून घेतील, पण तोंड उघडणार नाहीत.

३ सप्टेंबर

ऐकीव छापायचं नाही, हा माझा नियम. सकाळी बाई मुंग्यांकडे गेल्यावर थोड्या वेळाने मीही निघालो. विद्यापीठाजवळ मोठं हॉटेल एकच, त्याच्या मागच्या दाराला पोचलो. लाँड्री तळघरात आहे. आत वाफ अशी, की डोळ्यांचा आजार नसलेल्यालाही काचबिंदू व्हावा. भिंतीएवढा लांब गरम रूळ फिरत असतो. एका बाजूने दोघी ओली चादर घालतात, दुसऱ्या बाजूने दोघी कोरडी झेलतात. हात जरा पुढे गेला की मनगट भाजलंच. मला रूळ चांगला दिसला. कडेच्या बायका दिसल्या नाहीत.

मुकादमीण चांगली बोलकी निघाली. "विद्यापीठवाली ना? आत्ता तर होती इथे. अगं ए, कुठे गेली ती?"

"मागे गेली, चादरी टाकायला," कुणीतरी म्हणालं.

मागे दोऱ्यांवर चादरीच चादरी. मी तिथवर गेलो. चादरीआड कुणीतरी शिंकलं. लागोपाठ तीन, तिसरी अर्धी गिळलेली. माझ्या तोंडून सवयीने "सावकाश गं" निघून गेलं, घरातली सवय. पलीकडे एकदम चिडीचूप झालं. पोर लाजाळू असावी. मी मोठ्याने म्हटलं, "घाबरू नकोस. तुला त्रास होईल असं काही लिहिणार नाही," आणि परतलो.

मुकादमीण म्हणाली, "कामाला चोख आहे हो. पण दम लागतो तिला. वय झालंय."

वय झालंय! त्या बाईंच्या हाताखाली सगळ्या विशीतल्या पोरी, तिथे तिशीही म्हातारपणच. लेखात "तरुणी" असंच लिहीन.

संध्याकाळी बाईने आधी पानं वाढली. मग विचारलं, "आज कुठे बाहेर गेला होतात?"

"कामाला. एक लेख लिहितोय."

"वाचून दाखवाल ना?"

"आजवर वाचून दाखवल्याशिवाय काही दिलंय का?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणून तर विचारलं." आणि जरा सैलावल्यासारखी दिसली.

८ सप्टेंबर

लेख झाला. शेवटी माझी नेहमीची ओळ घातली, "सर्व तपशील प्रत्यक्ष पडताळलेले आहेत." संपादकाचा फोन आला, की आठच्या आत द्या, नाहीतर पुढच्या आठवड्यावर जाईल.

सातला मी कागद घेऊन टेबलाशी बसलो. घसा खाकरला. समोर बाई चमचा हातात धरून झोपली होती. वाटीतलं सूप तसंच. तोंड किंचित उघडं आणि मनगटावर मलमाचा चकचकीत पट्टा. एकदा हाक मारली, हळू. मग उठवावंसं वाटेना. चमचा काढून घेतला, मानेखाली उशी सरकवली आणि लेख पाठवून दिला.

पहिल्यांदाच असं झालं. चुकल्यासारखं वाटतंय, पण एवढं काय, छापील वाचेल. एकही वाक्य काढावं लागलं नाही याचाही थोडा आनंद आहे, कबूल करतो.

संध्याकाळ : विसरलो. झोपताना घातला.

१२ सप्टेंबर

लेख छापून आला. पानभर! "उभ्याने झोपणारी" हा मथळा संपादकाने दिला. मला थोडा भडक वाटला, पण वाचला जातोय. सामाईक स्वयंपाकघरात भिंतीवर चिकटवलाय. तिघांनी हात मिळवला. चौथा जिराफ. त्याने हात मिळवला नाही. नुसता म्हणाला, "काका, मी सांगितलं होतं."

मत्सर म्हणावा, तर तो रसायनशास्त्राचा.

१५ सप्टेंबर

बाई दुपारीच घरी आली. इतक्या दिवसांत प्रथमच. खांद्यावरची पिशवी न काढताच खाटेवर बसली.

"लेख वाचला."

"आणि?"

"छान लिहिलाय. 'बसायच्या आधीच तिने झोप उरकलेली असते', हे फारच छान."

"तुला ते आवडणार, माहीत होतं मला."

"फक्त कपाट हिरवं नाहीये. करडं आहे."

तपशिलाची चूक! मला खरोखर वाईट वाटलं. "जिराफ हिरवं म्हणाला. तुला काय ठाऊक?"

"रोज टेकते मी त्याला."

बाहेर कुणाच्या तरी मुलाची सायकल चालली होती, तिची घंटी वाजत राहिली. 

"आज कार्यालयात बोलावलं होतं," ती म्हणाली. "चर्चासत्रातल्या सगळ्यांनी ओळखलं. तिथे उभ्याने झोपणारी दुसरी कोण आहे? वेतन थांबवलंय. चौकशी होईल, पण ती नावापुरती. मी नाही म्हणणार नाही."

"तू मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही विमा सोडला असता. उगाच थोर झाला असता." मग म्हणाली, "त्या दिवशी चादरीमागे होते मी. तुम्ही 'सावकाश गं' म्हणालात तेव्हा वाटलं, कळलं यांना. मग म्हणालात, घाबरू नकोस. तेव्हा कळलं, की नाही कळलं. म्हटलं, वाचून दाखवतील तेव्हा सांगू. माझी ओळख पटेल ते एक वाक्य काढायला लावू. तेवढंच काढायचं होतं हो. वाचून का नाही दाखवलंत?"

"तू झोपली होतीस."

"उठवायचं."

"उठवावंसं वाटलं नाही."

 रागावली असती तर सोपं गेलं असतं. "हो," म्हणाली. "तेही खरंच." मग पिशवी काढून ठेवली आणि आडवी झाली. पडल्या पडल्या झोपली, आडवी.

१९ सप्टेंबर

चार दिवस काही लिहिलं नाही. थेंब घातले. बाईच घालते, मला धड नेम लागत नाही.

आज तिच्या गाईड मॅडम घरी आल्या. आमच्याहून लहान आहेत. खुर्चीच्या टोकावर बसल्या. मी म्हटलं, तुम्ही मनात आणलं तर काही होईल.

"मला पहिल्यापासून माहीत होतं," त्या म्हणाल्या. "ते कपाट हलवायला दोनदा माणसं आली. मी परत पाठवली. हलवलं असतं तर टेकायला काय उरलं असतं? माहीत असून नसल्यासारखं करता येत होतं, तोवर केलं. आता छापून आलंय. भिंतीवर लावलंय. मी आता काय म्हणू, मला वाचता येत नाही?"

बाईनेच त्यांना चहा दिला, बाईनेच समजूत काढली. मी घराच्या कडेला होतो. मला हल्ली तिथलं दिसत नाही म्हणतात, पण तिथे उभं राहता येतं.

२२ सप्टेंबर

विद्यापीठाच्या कार्यालयात गेलो. एक उपाय सुचला होता. रात्रभर स्वतःशी भांडून पक्का केला होता. अधिकारी मोठे अदबशीर. उठून खुर्ची दिली. "तुमचा लेख मी मुलीला पाठवला. फार सुंदर."

मी म्हटलं, "त्यातली इस्त्रीवाली बाई खरी नाही. मी रचली."

आजवर एकदाही न रचलेल्या माणसाने हे वाक्य उच्चारलं. जीभ अडखळली नाही, याचं मलाच नवल वाटलं.

त्यांनी खणातून साप्ताहिक काढलं. तळच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि त्यांनाच वाईट वाटत असल्यासारखं हळू वाचलं, "'सर्व तपशील प्रत्यक्ष पडताळलेले आहेत.' आणि इथे तुम्ही लिहिलंय, की स्वतः लाँड्रीत जाऊन आलात."

"तेही रचलं."

"साहेब," ते म्हणाले, "तुम्हाला खोटं लिहिता येत नाही. तुमच्या लेखातून दिसतं ते."

एवढी मोठी दाद मला उभ्या आयुष्यात मिळाली नव्हती. दारातून निघताना चौकटीला खांदा लागला. ते धावत आले, हात धरून जिन्यापर्यंत सोडायला आले.

२४ सप्टेंबर

विम्याची खिडकी. आत बसणाऱ्या ताई मला काका म्हणतात.

"वेतन चालू तर विमा चालू, काका. तीस तारखेला दोन्ही थांबणार."

"शस्त्रक्रिया आठ तारखेला आहे."

"डॉक्टरांना अलीकडे घ्यायला सांगा ना."

"विचारलं. जागा नाही."

"मग..."

"माझा एकट्याचा चालवता येईल? मी तर काही नियम मोडला नाही."

त्यांनी पडद्यावर बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही अवलंबित आहात ना. मुख्य नावच निघालं की अवलंबित कुणाचा?"

व्याकरणदृष्ट्या बिनतोड. विशेष्य गेल्यावर विशेषणाने कुठे जायचं? बाहेरच्या विम्याचंही विचारलं. आधीचा आजार ते दोन वर्षं धरत नाहीत. ताईंनी खिडकीतून पाण्याचा पेला पुढे केला. मागे रांग होती, पिऊन लगेच बाजूला झालो.

३० सप्टेंबर

बाईने विभागाची किल्ली परत केली. राहती खोली तेवढी शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत ठेवता येईल. येताना दोन्ही हातांत काचेचं खोकं होतं, त्यात तिचं वारूळ. गाईड मॅडमनी "खोकं मोडकं, टाकून द्यावं" असा शेरा मारून ते तिच्या हवाली केलं. माहीत असून नसल्यासारखं करायची त्यांची सवय अजून गेलेली नाही. बरं झालं.

"प्रबंध?" मी विचारलं.

"मुंग्यांना कुठे माहीत आहे वेतन थांबलंय ते," ती म्हणाली.

८ ऑक्टोबर

आज शस्त्रक्रिया होती. सवयीने लवकर उठून दाढी केली.

डॉक्टरीणबाईंनी थेंब वाढवून दिले आहेत. रोख भरलेत तर पुढच्या आठवड्यातही करते, म्हणाल्या. आकडा ऐकून आम्ही दोघंही सभ्यपणे मान डोलावत राहिलो, आजारासारखेच. बाईने विचारलं, "सहा महिने थांबलो तर?" त्या म्हणाल्या, "थांबता येतं. तो थांबत नाही."

सहा महिने अशासाठी, की बाई आता लाँड्रीत दिवसभराच्या पाळीवर लागली आहे. नियम मोडायची आता चिंताच नाही. सहा महिने सलग काम केलं, की हॉटेल विमा देतं, अवलंबितासकट. मी म्हटलं, मी शाळांत जाऊन संस्कृत शिकवतो, दारोदार विचारतो. विचारलंही. एका ठिकाणी हसून, बसवून नाही म्हणाले, दुसरीकडे उभ्यानेच.

२ नोव्हेंबर

संपादकाचा फोन. आवाजात फटाके. "सर, तुमच्या लेखाने काम केलं!" विद्यापीठाने समिती नेमली होती, तिने अहवाल दिला. पुढच्या वर्षापासून वेतनात वाढ आणि अवलंबितांच्या हप्त्याला सवलत. अहवालात "उभ्याने झोपणारी" हे शब्द जसेच्या तसे घेतलेत. जिराफ येऊन सांगून गेला, की दातही आत येतील म्हणे. त्याने या खेपेला हात मिळवला, खाली बघत.

म्हणजे बाईने मला ऑगस्टात सांगितलेली थाप खरी झाली. इतर सगळ्यांच्या बाबतीत.

संपादकाला आता दुसरा लेख हवाय, "पुढे त्या तरुणीचं काय झालं?" मी लिहून काढला. संध्याकाळी बाई आली, खोलीतल्या कपाटाला टेकली आणि तशीच, उभ्याने, झोपली. कागद हातात घेऊन मी समोर उभा. किती वेळ, सांगता येत नाही.

मग तिचा खांदा धरून हलवलं. "अगं, ऊठ. आधी ऐक."

डोळे न उघडता तिने सगळं ऐकलं. शेवटपर्यंत. "चांगलंय," म्हणाली. "कुठलंच वाक्य काढू नका. पण देऊ नका."

दिला नाही.

१७ नोव्हेंबर

आता मला काम आहे. खोकं टेबलावर असतं. तळाच्या पांढऱ्या कागदावर बाईने एक रेघ मारलीय. एका बाजूला वारूळ, दुसऱ्या बाजूला साखर. बाई लाँड्रीत असते तेव्हा रेघेवरून किती मुंग्या गेल्या आणि किती आल्या, ते मी टिपायचं. संशोधकाचा अवलंबित झालो होतो, आता मदतनीस झालो. विनावेतन, म्हणजे या विद्यापीठाच्या परंपरेला धरूनच.

तिने आज संध्याकाळी माझी टिपणं बघितली. सरस्वतीच्या दरबारात बसल्यासारखी बघते, एकेक ओळ.

"या सगळ्या मधूनच कशा गेल्या?"

"गेल्या खऱ्या मधून."

"कडेने एकही नाही? मुंग्या कडेने जातात. भिंत धरून."

 ती खाली बसली, माझ्या खांद्याशी डोकं आणून माझ्या नजरेच्या रेषेत बघायला लागली. मग तिने खोकं माझ्यापासून दूर सरकवलं, टेबलाच्या पार टोकाला. तिथून उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं.

"आता? दोन्ही कडा दिसतायत?"

दिसत होत्या. डावी, उजवी, मधली रेघ, सबंध खोकं एका नजरेत, चित्रासारखं.

"दिसतायत," मी म्हटलं.

"मग मोजा."

"मुंग्या दिसत नाहीत."

सकाळ : बाईने घातला. संध्याकाळ : बाईने घातला.